उपनगरात मॉल उभारायचा तर गाळे विकू नका

नकाशा काढण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो: गाळे विकायचे की भाड्याने द्यायचे. विकले की बांधकामाचा पैसा लवकर सुटतो, म्हणून मोह होतो. पण शे-दोनशे मालक झाले की कुठल्या मजल्यावर काय विकलं जावं हे कुणाच्याच हातात राहत नाही. कपड्यांच्या दुकानाशेजारी इस्टेट एजंटचं ऑफिस येतं, पलीकडचा गाळा गुंतवणूकदार बंद ठेवतो आणि बंद शटरांच्या रांगेत गिऱ्हाईक शिरत नाही. मुंबईत मालाडचा इनऑर्बिट मॉल २००४ पासून चालतो आहे, आणि तिथले दुकानदार भाडेकरू आहेत. मालकी एकाच हाती ठेवा.

दुसरी गोष्ट अँकरची, म्हणजे गर्दी खेचणाऱ्या मोठ्या दुकानांची. सुपरमार्केट आणि मोठं कपड्यांचं दालन यांच्याशी बोलणी आधी, मग नकाशा. त्यांना लागणारी उंची आणि माल उतरवायची जागा नंतर जमवता येत नाही. दोघांना दोन टोकांना बसवा, म्हणजे माणसं मधल्या सगळ्या गाळ्यांवरून चालत जातील. अँकर चौरस फुटाला कमी भाडं देतात, ते मान्य करा. त्यांनी आणलेल्या गर्दीवर छोटे गाळे जास्त भाडं देतात. भाड्याचा करार ‘किमान भाडं किंवा विक्रीचा टक्का, यातलं जे जास्त ते’ असा असेल, तर बिलिंग मशीनचा आकडा पाहण्याचा हक्क करारात लिहून घ्या. नाहीतर टक्का कागदावरच राहतो.

मल्टिप्लेक्स सर्वांत वर, फूड कोर्ट त्याला लागून. शेवटचा खेळ मॉल बंद झाल्यावर सुटतो, म्हणून थिएटरपासून थेट पार्किंगपर्यंत वेगळ्या लिफ्ट आणि जिना हवा.

सगळ्यात जास्त डोकं पार्किंगला लावा. खांबांमधलं अंतर ८.४ मीटर धरलं तर २.५ मीटर रुंदीच्या तीन गाड्यांच्या जागा आणि खांबाची जाडी बसते. तेच खांब वर दुकानांतून जातात. रॅम्प आणि वळायची जागा धरून तळघरात गाडीमागे साधारण ३२ चौरस मीटर लागतात. १,००० गाड्यांसाठी चार एकरांचा प्लॉट कडेपर्यंत खणला तरी दोन तळघरं लागतील, आणि कडेपर्यंत खणता येत नाहीच. म्हणून काही पार्किंग वरच्या मजल्यांवर न्या. तिकिटाचा अडथळा रस्त्यालगत ठेवू नका. आत ५०-६० मीटर सोडा, म्हणजे आठ-दहा गाड्यांची रांग रस्त्यावर येणार नाही.

पाऊस विसरलात तर तळघर बुडेल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा द्या आणि तो आजच्या रस्त्यापेक्षा बराच वर ठेवा. डांबराचे थर चढत जातात तसा रस्ता उंच होतो. उपसा पंप जनरेटरवर हवेत. जनरेटर आणि विजेचे पॅनेल तळघरात नकोत, नाहीतर पंपाची गरज असेल तेव्हाच वीज जाईल.

बांधकाम २०,००० चौरस मीटरपासून पुढे गेलं की पर्यावरण मंजुरी आधी लागते, काम सुरू करून नाही. जिन्यांची रुंदी गर्दीच्या हिशेबावर ठरते: राष्ट्रीय इमारत संहितेत तळमजला आणि तळघरातल्या दुकानांसाठी माणशी ३ चौरस मीटर, वरच्या मजल्यांना ६. आगीचे जिने गाळ्यांच्या मागे दडवले की दुकानदार तिथे खोकी रचतात, म्हणून वेगळं गोदाम द्याच.

उद्घाटनाची तारीख दिवाळीच्या आधीची धरा आणि तिथून मागे मोजत गाळ्यांचा ताबा द्या. मल्टिप्लेक्सला सगळ्यांच्या आधी, कारण त्यांचं आतलं काम सर्वांत लांबतं. दोन्ही अँकर तयार नसतील तर तारीख पुढे ढकला.