इंदूरजवळच्या सागवनात एम.एस्सी. फॉरेस्ट्रीच्या प्रबंधाचं मोजमाप

एम.एस्सी. फॉरेस्ट्री दोन वर्षांची असली तरी प्रबंधाच्या वाट्याला धड एकच पावसाळा येतो. प्रवेश जबलपूरला असो की डेहराडूनला, घर इंदुरात असलं की चोरल-महूकडचं जंगल सोयीचं पडतं. कोरडं, पानगळीचं, सागाचं. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८मध्ये केलेल्या भारतातल्या जंगलांच्या वर्गीकरणातला ५ए उपगट. या जंगलात आधी महिने ठरवायचे, विषय मागाहून.

गवत आणि लहान वनस्पती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच उरका. दिवाळीनंतर नुसत्या काड्या उरतात, जात ओळखू येत नाही. झाडं नोव्हेंबर ते जानेवारी: गवत वाळून आडवं झालेलं आणि पानं अजून फांदीवर. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात. तुमचे पाचोळ्याचे चौकोन त्यातच गेले तर तक्रार कोणाकडे करणार? पाचोळा मोजायचाच असेल तर जाळी जमिनीपासून वर बांधा, आणि मोहाखाली नकोच. मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली की नाकेदाराला, म्हणजे इथल्या वनरक्षकाला, तुमच्यासाठी वेळ नसतो.

परवानगीचा अर्ज पावसाळ्याआधीच टाका. राळामंडल हे अभयारण्य आहे. तिथे संशोधनासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या कलम २८खाली परवाना लागतो, तो मुख्य वन्यजीव अभिरक्षकांकडून. इतर वनक्षेत्रासाठी वनमंडल कार्यालय. कक्ष (कंपार्टमेंट) क्रमांक, महिने, सोबत माणसं किती, माती-पानांचे नमुने किती आणि झाडाला रंग लावणार का, हे सगळं पहिल्याच अर्जात लिहा.

प्लॉट, म्हणजे मोजणीसाठी आखलेले तुकडे, किती घ्यायचे हे अंदाजाने ठरवू नका. आधी आठ-दहा प्लॉट मोजून पाहा. त्यांच्यातला चलन-गुणांक (प्रमाण विचलन, सरासरीच्या टक्क्यांत) ४० टक्के निघाला आणि १० टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर (२ × ४० ÷ १०)चा वर्ग, म्हणजे ६४ प्लॉट. १५ टक्के चूक चालवून घेतली तर २९ पुरतात. हा आकडा मार्गदर्शकांपुढे सुरुवातीलाच ठेवलेला बरा, प्रबंध लिहून झाल्यावर “इतकेच का?” या प्रश्नाला उत्तर नसतं. प्लॉटचे बिंदू नकाशावर चौकटींची जाळी आखून चिठ्ठीने काढा. सोयीसाठी रस्त्याकडेचे प्लॉट घेतले तर हाती येते ती रस्त्याकडेचीच आकडेवारी, तिथली तोड आणि चराई धरून.

झाडांसाठी ०.१ हेक्टरचा चौकोन घ्या, बाजू ३१.६२ मीटर. चार बाजू आखत बसलात तर शेवटचा कोपरा जुळत नाही. मध्यबिंदूवर खुंटी ठोका आणि कंपासने ४५, १३५, २२५ आणि ३१५ अंशांवर प्रत्येकी २२.३६ मीटर जा. कोपरे आपोआप मिळतात. हे अंतर सपाटीवरचं आहे. २० अंशांच्या चढावर टेप २३.८० मीटरपर्यंत न्यावा लागतो. विंध्याच्या उतारांवर हे विसरलात तर प्लॉट लहान होतो आणि हेक्टरी झाडं कमी दिसतात. झुडपांना आत ५ × ५ मीटर, गवताला १ × १ मीटर.

खोडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर घ्यायचा. त्या मापाची काठी तोडून सोबत ठेवा. “छातीइतकं” म्हटलं की प्रत्येकाची छाती वेगळी. उतारावर वरच्या बाजूला उभं राहायचं. झाड कललेलं असेल तर काठी कललेल्या बाजूने खोडाला धरून लावा आणि टेप खोडाला काटकोनात फिरवा. १.३७ मीटरच्या खालीच दुबेळकं (खोड दोन भागांत फुटलेलं) असेल तर दोन झाडं, वर असेल तर एक. चोरलकडे खरी डोकेदुखी तोडलेल्या सागाच्या खुंटावरून फुटलेल्या धुमाऱ्यांची. प्रत्येक धुमारा वेगळा मोजा, पण खुंटाचा क्रमांक एकच द्या. नाहीतर हेक्टरी झाडांची संख्या दुप्पट-तिप्पट दिसते. शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो, फायबरचा घ्या.

उंचीसाठी झाडाच्या उंचीइतकं तरी लांब उभं राहा. २० मीटरवरून शेंडा ३० अंश वर आणि बुंधा ५ अंश खाली दिसला, तर त्या कोनांचे टॅन्जंट घेऊन २० × (०.५७७ + ०.०८७), म्हणजे सुमारे १३.३ मीटर. फार जवळ गेलात तर शेंड्याऐवजी गोल माथ्याची अलीकडची कड दिसते आणि उंची वाढीव येते.

नावांचा घोळ मराठी घरातल्या मुलांचा जास्त होतो. आपला ऐन इथे साजा, टेंभुर्णी म्हणजे तेंदू, मोह म्हणजे महुआ, पळस बरेचदा खाखरा. इथवर ठीक. पण अंजनावर सांभाळा: नाकेदार अंजन म्हणतो तो हार्डविकिया बायनाटा, सह्याद्रीतली अंजनी म्हणजे मेमेसायलॉन. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. वहीत स्थानिक नाव जसं ऐकलं तसं लिहा, शास्त्रीय नाव पान-फूल दाबून आणल्यावर.

मातीचे नमुने ०–१५ आणि १५–३० सेंटीमीटरचे. मातीची घनता काढायला जमिनीत नळी ठोकायची असेल तर सगळ्या प्लॉटांवर एकाच पंधरवड्यात ठोका, ओल टिकून असताना. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. ऑक्टोबरचा नमुना मेच्या नमुन्याशेजारी ठेवला तर दिसणारा फरक ओलीचा असतो, जंगलाचा नाही.

वही त्याच संध्याकाळी संगणकावर चढवा. ४१.० सेंटीमीटरचं ४१० झालं, तर झाडाचं आधारक्षेत्र (खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ) १० पट नाही, १०० पट होतं, कारण त्यात घेराचा वर्ग येतो. असं झाड कोणत्या प्लॉटात होतं हे दुसऱ्या दिवशी आठवतं, महिन्याने नाही.