टंचाईच्या काळात ग्राफिक्स कार्ड बदलायचं की थांबायचं?

ग्राफिक्स कार्डांचा तुटवडा पडला की दोन चुका हटकून होतात. कुणी घाबरून दीडपट भावात मिळेल ते कार्ड उचलतं, तर कुणी 'भाव उतरू दे' म्हणत खरोखरच कालबाह्य झालेल्या कार्डावर वर्षभर अडकून राहतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. आपल्या कार्डाला नेमकं काय जमत नाही, हे मोजलेलंच नसतं. म्हणून भाव बघायच्या आधी मोजमाप करा. एक संध्याकाळ पुरते.

आधी मोजा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्या जोडीचं रिव्हाट्यूनर ही मोजमापाची सॉफ्टवेअरं टाका. स्क्रीनच्या कोपऱ्यात इतके आकडे दिसू द्या: जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, त्याचा क्लॉक (चालण्याचा वेग) आणि तापमान, व्हीरॅम (कार्डावरची मेमरी), सीपीयूच्या (मुख्य प्रोसेसरच्या) प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा, वापर आणि फ्रेमटाइमचा, म्हणजे एकेका चित्राला (फ्रेमला) लागणाऱ्या वेळेचा, आलेख. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या गतीशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा. ज्या गेमबद्दल तक्रार आहे त्यातलाच सगळ्यात जड भाग निवडा, म्हणजे गर्दीचं शहर किंवा धूर-पावसातली लढाई, आणि तोच रस्ता तीनदा चाला. गेममधल्या तयार बेंचमार्कवर (गती मोजणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका. तो बऱ्याचदा प्रत्यक्ष खेळापेक्षा हलका असतो.

जीपीयूचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर अडचण कार्डाचीच आहे. तो ६० ते ८० टक्क्यांत घुटमळत असेल तर कार्ड रिकामं बसून सीपीयूची वाट बघतंय. खात्री करायची तर रिझोल्यूशन १४४०पी वरून १०८०पी वर आणा. दर सेकंदाच्या फ्रेम जवळजवळ तेवढ्याच राहिल्या तर कितीही महागडं कार्ड घातलंत तरी फरक पडणार नाही. इथे सीपीयूचा एकूण टक्का फसवतो. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचे फक्त ६ टक्के दिसतात. म्हणूनच प्रत्येक थ्रेड वेगळा बघायचा.

सीपीयूकडे बोट गेलं तरी लगेच तोही बदलायला निघू नका. सीपीयू-झेड (प्रोसेसर आणि रॅमची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरीचं पान बघा. रॅमची एकच पट्टी असेल किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलेलं नसेल तर तिथेच बरीच गती अडलेली असते. या पानावर दिसणारी फ्रिक्वेन्सी पट्टीवर छापलेल्या आकड्याच्या निम्मी असते. ३२०० च्या रॅमला १६०० दिसले म्हणजे सगळं ठीक. १०६६ किंवा १२०० दिसले तर रॅम मूळ, संथ वेगाने चालतेय. तसंच जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बस इंटरफेसच्या ओळीपुढचं प्रश्नचिन्ह दाबून कार्डावर भार टाका आणि ते खरोखर किती लेनवर (बोर्ड आणि कार्डामधल्या डेटाच्या वाटांवर) चालतंय ते बघा. मदरबोर्डच्या खालच्या खाचेत बसवलेली कार्डं १६ ऐवजी ४ लेनवर चालताना बऱ्याचदा सापडतात.

व्हीरॅम कमी पडण्याची लक्षणं वेगळी असतात. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण वळताना किंवा नव्या भागात शिरताना झटके बसतात आणि भिंती-कपड्यांचे टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवलेली चित्रं) बराच वेळ चिखलासारखे राहतात. टास्क मॅनेजरमध्ये शेअर्ड जीपीयू मेमरी खेळताना एक-दोन जीबीने चढली, तर कार्डावरची मेमरी संपून डेटा साध्या रॅममध्ये सांडतोय. टेक्श्चर एक पायरी खाली आणा. झटके गेले तर दुखणं तेच. आफ्टरबर्नरमध्ये व्हीरॅम जवळपास पूर्ण भरलेली दिसली एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नका, कारण पुष्कळ गेम मोकळी जागा दिसेल तेवढी राखून ठेवतात.

शेवटी क्लॉक आणि तापमान. खेळ सुरू झाल्यावर दहा मिनिटांत क्लॉक घसरत गेला तर कार्ड तापतंय. हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) आणि कोरच्या तापमानात २५ अंशांहून जास्त तफावत असेल तर थर्मल पेस्ट (चिपची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळलेली किंवा बाजूला सरकलेली असण्याचा संभव मोठा. जीडीडीआर६एक्स प्रकारची मेमरी असलेल्या कार्डांवर एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधलं मेमरीचं तापमानही बघा. ते ११० अंशांच्या आसपास पोचलं की कार्ड आपणहून वेग कमी करतं.

आहे त्या कार्डातून काय निघतं

टंचाईत हे काम सगळ्यात फायद्याचं, आणि नेमकं तेच लोक टाळतात. धूळ काढा, पंख्यांच्या पात्या बोटाने धरून ठेवून हवा मारा. पेस्ट बदलताना थर्मल पॅडची (मेमरी आणि कूलरमधल्या मऊ पट्ट्यांची) जाडी मोजूनच नवे पॅड घ्या. अर्धा मिलिमीटर जास्त जाड पॅड बसला तरी कूलर चिपवरून उचलला जातो आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.

मग व्होल्टेज उतरवा. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि क्लॉकचा वक्र उघडतो. एनव्हिडियाच्या ३० मालिकेच्या बऱ्याच कार्डांवर ८५० मिलिव्होल्टला १८०० मेगाहर्ट्झ ही सुरुवात चालून जाते. त्यापुढचा वक्र सपाट करा आणि जड गेम तासभर चालवा. गेम बंद पडला तर १५-१५ मेगाहर्ट्झने खाली या. वक्राच्या भानगडीत पडायचं नसेल तर पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. गती थोडीशीच जाते, उष्णता आणि आवाज मात्र चांगलाच कमी होतो.

गेमच्या सेटिंगमध्ये सावल्या, व्हॉल्युमेट्रिक (त्रिमितीय) धुकं, स्क्रीन-स्पेस प्रतिबिंबं (पडद्यावर दिसणाऱ्या चित्रातूनच काढलेली) आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून काढलेला उजेड) हे चार खरे खादाड. ते अल्ट्रावरून हायवर आणले तर चालत्या खेळात फरक ओळखणं कठीण असतं. टेक्श्चरना हात लावू नका. व्हीरॅम पुरत असेल तर ते जवळजवळ फुकट असतात. त्यानंतर अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करणं. १४४०पी वर क्वालिटी मोड म्हणजे आतलं चित्र ९६०पी, आणि ते चांगलं दिसतं. १०८०पी वर तोच मोड ७२०पी वरून चित्र उभं करतो, तिथे बारीक तारा-जाळ्या लुकलुकतात. आरटीएक्स २० मालिकेपासूनच्या सगळ्या कार्डांना जानेवारी २०२५ मध्ये आलेलं डीएलएसएस ४ चं (एनव्हिडियाच्या अपस्केलिंग तंत्राचं) नवं अपस्केलिंग मॉडेल चालतं. त्याआधीच्या कार्डांना एफएसआर २ किंवा ३ आणि एक्सईएसएस ही अशीच इतर तंत्रं आहेतच. फ्रेम जनरेशन (दोन फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालणं) हा मात्र जुन्या कार्डावरचा इलाज नव्हे. मूळ फ्रेम ५०-६० नसतील तर हालचाल गुळगुळीत दिसते पण माउस जड लागतो, वर व्हीरॅमही जास्त लागते.

सेकंदाला ४० फ्रेमचा पर्याय फार कमी लोक वापरून बघतात. ३० फ्रेमला एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची असते, ६० ला १६.७ ची. त्यांच्या बरोबर मधोमध २५ मिलिसेकंद येतात, म्हणजे ४० फ्रेम. १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर ४० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक फ्रेम सारखाच वेळ टिकते. ४५ ते ६० मध्ये हेलकावणाऱ्या गेमला ४० वर बांधलं तर तो आधीपेक्षा स्थिर वाटतो. संथ, कथेच्या अंगाने जाणाऱ्या गेमसाठी हे पुरेसं आहे. स्पर्धेच्या नेमबाजीसाठी नाही.

कधी थांबू नये

काही उणिवा सेटिंगने भरून निघत नाहीत. टेक्श्चर मध्यमवर आणूनही व्हीरॅम सांडत असेल, तर ते कार्ड नव्या गेमसाठी संपलं. २०२४ च्या अखेरीपासून काही मोठे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय सुरूच होत नाहीत; तिथे जीटीएक्स मालिका किंवा आरएक्स ५७०० सारखी कार्डं कितीही जोरदार असली तरी उपयोग नाही. मॅक्सवेल आणि पास्कल या एनव्हिडियाच्या जुन्या पिढ्यांना, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना, ऑक्टोबर २०२५ पासून नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर बंद झाले आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या चालू राहिल्या. स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा चौकडे दिसायला लागले, आणि क्लॉक कमी करूनही ते जात नसतील, तर मेमरी किंवा सोल्डर जातंय. असं कार्ड शेवटचे दिवस मोजतच असतं. कार्डावर पोट असेल, रेंडरचा सीन मेमरीत मावत नसेल, तरी थांबू नका. वाया जाणाऱ्या तासांची किंमत चढ्या भावाहून लवकर मोठी होते.

यातलं काहीच लागू नसेल, फक्त अल्ट्रा सेटिंग जमत नाही एवढंच असेल, तर थांबा.

टंचाई कशाची आहे ते बघा

सगळे तुटवडे सारख्या वेगाने ओसरत नाहीत. २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये डिजिटल नाणी (क्रिप्टो) खणणाऱ्यांनी कार्डं उचलली होती. अशी मागणी एकदम कोसळते: इथेरियम या अशाच नाण्याच्या जाळ्याने १५ सप्टेंबर २०२२ ला कार्डांवरचं खणणं संपवलं, पण त्याआधीच त्या वर्षात भाव उतरणीला लागले होते आणि वापरलेल्या कार्डांचा पूर आला होता. अशा वेळी धीर धरणाऱ्याचा फायदा होतो. २०२५ च्या शेवटी सुरू झालेली मेमरीची टंचाई वेगळ्या जातीची आहे. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआय सर्व्हरकडे वळल्या, आणि नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. जास्त मेमरीच्या कार्डांना याची झळ आधी लागते. अशा काळात 'पुढच्या महिन्यात स्वस्त होईल' यावर निर्णय टांगून ठेवणं चूक आहे. गरज खरी असेल तर घ्या, नसेल तर वर्षभरासाठी विषय बंद करा.

भावाचं गणित

किमतीचा आकडा एकटा बघू नका. टंचाईत तुमच्या जुन्या कार्डालाही जास्त भाव येतो. समजा नव्या कार्डाची मूळ किंमत १०० आहे आणि आता १४० झालीय. तुमचं जुनं पूर्वी ३० ला गेलं असतं, आता ५० ला जाईल. आधी खिशातून ७० गेले असते, आता ९० जातील. म्हणजे खरी वाढ ४० टक्के नाही, २९ टक्के. वीजपुरवठ्याचा डबा (पीएसयू) बदलावा लागणार असेल तर तोही यात धरा.

दुसऱ्या बाजूला फायदा मांडा. तुमच्याच रिझोल्यूशनची, तुमच्या जवळपासच्या प्रोसेसरवर घेतलेली चाचणी शोधा. फ्रेममध्ये ५० टक्क्यांहून कमी वाढ असेल तर आमचा सल्ला ठाम आहे: चढ्या भावात घेऊ नका. ६० च्या ७५ फ्रेम झाल्या तर प्रत्येक फ्रेममागे जेमतेम ३ मिलिसेकंद वाचतात. मूळ किमतीच्या १०-१५ टक्के वर जाणं समजण्यासारखं आहे. ३० टक्क्यांच्या वर जायचं तर वरच्या 'थांबू नये' यादीतलं एखादं कारण हवंच.

नाव वाचून घेऊ नका, अख्खा मॉडेल वाचा. आरटीएक्स ३०६० चा १२ जीबीचा प्रकार १९२ बिटचा आहे (मेमरीकडे जाणारी वाट तेवढी रुंद), ८ जीबीचा १२८ बिटचा. गतीत चांगलाच फरक पडतो. आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबीत येतं. टंचाईत ८ जीबीचंच सहज दिसतं, आणि दोनच वर्षांत तोच व्हीरॅमचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेनवर चालतं, त्यामुळे पीसीआयई ३ च्या (कार्डाच्या खाचेच्या जुन्या पिढीच्या) बोर्डावर मेमरी भरली की कोलमडतं. आरएक्स ५८० २०४८एसपी या लांबलचक नावामागे गणनेचे घटक आरएक्स ५७० इतकेच आहेत.

वापरलेलं कार्ड

खणण्यात वापरलेलं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही. चिप बहुधा ठीक असते. झिजतात ते पंखे आणि थर्मल पॅड. पॅडमधून तेल सुटून बोर्डावर चिकट ओघळ आलेले असतील तर मेमरीचं तापमान तपासल्याशिवाय व्यवहार करू नका. कार्ड चालू असताना, समोर बघूनच घ्या. आधी जीपीयू-झेड: नाव बदललेल्या जुन्या चिपांपैकी बऱ्याच ते ओळखून तसं लिहितं. आरओपींची (चित्राचे अंतिम ठिपके काढणाऱ्या घटकांची) संख्या कंपनीने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा; २०२५ च्या सुरुवातीला काही नव्याकोऱ्या आरटीएक्स ५०९० मध्येही १७६ ऐवजी १६८ निघाले होते. मग ओसीसीटी या ताण-चाचणीच्या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम चाचणी, त्यात एकही चूक चालवून घ्यायची नाही. त्यानंतर अर्धा तास जड भार, पंखे शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत, आणि प्रत्येक डिस्प्ले पोर्टात केबल घालून बघायची. वॉरंटी अनुक्रमांकावर मिळते की मूळ बिलावर, हे कंपनीगणिक वेगळं असतं. पैसे देण्याआधी विचारा.

बसवताना

मदरबोर्डची खाच ७५ वॅट देते, ६ पिनांची जोडणी ७५ आणि ८ पिनांची १५०. ८ पिनांच्या दोन जोडण्यांचं कार्ड असेल तर वीजपुरवठ्याच्या डब्यापासून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलच्या दोन शेपट्या लावल्या तर भाराच्या क्षणी मशीन बंद पडू शकतं. १६ पिनांचा कनेक्टर फट न राहता पूर्ण आत बसला पाहिजे आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वळवू नका, अर्धवट बसलेला वितळतो. कॅबिनेटमधली लांबी मोजताना पुढच्या पंख्यांची जाडी वजा करा. एनव्हिडियावरून एएमडीवर किंवा उलट जात असाल तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर काढा.

जुनं कार्ड लगेच विकू नका. नव्यावर तीच चाचणी, तोच रस्ता, तीच सेटिंग पुन्हा चालवा आणि आकडे शेजारी मांडा. अपेक्षित वाढ मिळाली नाही तर परत करण्याची मुदत संपायच्या आत परत करा. वाढ मिळाली आणि आठवडाभर कार्ड नीट चाललं, की मग जुनं विकायला काढा. टंचाईत ते विकलं जायला वेळ लागत नाही.