जुन्या पीसीला दुसरा सिरियल पोर्ट: रेडिओसाठी

पीसीच्या मागे एकच कॉम पोर्ट (सिरियल पोर्ट). तो हॅम (हौशी) रेडिओच्या कॅट कंट्रोलमध्ये, म्हणजे पीसीवरून रेडिओ चालवण्यात, अडकला; पीटीटीला (रेडिओ ट्रान्समिटवर नेणाऱ्या स्विचला) दुसरा हवा होता. जादा पोर्टचं कार्ड घेण्याआधी मदरबोर्ड पाहिला, तर कॉम२ (दुसऱ्या सिरियल पोर्ट) चा दहा पिनांचा हेडर, म्हणजे केबल जोडायच्या पिना, रिकामाच होता. फक्त ब्रॅकेट (केबलसह पोर्ट बसवलेली पट्टी) लागली.

ब्रॅकेट लावली, पण पोर्ट मुका. कारण वायरिंग दोन प्रकारची असते: एकात हेडरची पाचवी पिन ग्राउंड, दुसऱ्यात नववी. पीसी बंद ठेवून डीबी९ (ब्रॅकेटवरच्या नऊ पिनांच्या कनेक्टर) ची पिन ५ आणि कॅबिनेट यांत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (सलग जोड) बघा. बीप नाही, तर ब्रॅकेट चुकीची. बरोबर ब्रॅकेटवर पिन २ व ३ जोडून टर्मिनल प्रोग्राममध्ये टाइप केलं, अक्षरं परत आली.

बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) कॉम२ ला पत्ता २एफ८, आयआरक्यू (इंटरप्ट क्रमांक) ३ द्या. डॉसचे लॉगिंग प्रोग्राम (रेडिओवरच्या संपर्कांची नोंद ठेवणारे) हाच पत्ता शोधतात. पीसीआय कार्डाचे पत्ते वेगळे, म्हणून ते कार्ड त्यांना बहुधा दिसत नाही.

पीटीटीसाठी पोर्टची आरटीएस सिग्नल लाइन (पिन ७) ते बीसी५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला ४.७ के रेझिस्टर, आणि बेस-एमिटरवर उलटा १एन४१४८ डायोड. हा डायोड गाळू नका. आरटीएस उणे १२ व्होल्टपर्यंत जातो, ट्रान्झिस्टर मात्र उलटे ५-६ व्होल्टच सोसतो.

विंडोज सुरू होताना आरटीएस हलू शकतो आणि रेडिओ ट्रान्समिटवर जातो. म्हणून आधी पीसी, मग रेडिओ.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हेडरच्या पिनांवर धूळ बसते. जोडण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.