वय, पिढी आणि वर्ष यांची गल्लत: विकासाचा अभ्यास आखताना या चुका टाळा

मानसशास्त्राच्या प्रबंधात हमखास भेटणारे वाक्य: 'वय वाढते तसा मुलांचा आत्मसन्मान कमी होतो.' पद्धतीचे प्रकरण उघडले की कळते, १० वर्षांची ६० आणि १५ वर्षांची ६० मुले एकाच महिन्यात तपासली आहेत. म्हणजे एकाही मुलाचे वय वाढताना कोणी पाहिलेले नाही. हा छेदात्मक (क्रॉस-सेक्शनल) अभ्यास. त्यातून 'मोठ्या गटाची सरासरी कमी आढळली' एवढेच लिहिता येते.

हे शब्दांचे खुसपट नव्हे. वय म्हणजे चाचणीचे वर्ष वजा जन्मवर्ष. तिन्हींपैकी दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते. एकाच वर्षी मोजमाप केले, तर वयाबरोबर पिढीही, म्हणजे जन्मवर्षाचा गटही, बदलते. आज २५ आणि ६५ वर्षांच्यांची शब्दसंपत्ती किंवा तर्कशक्ती तुलना करताना शाळेत काढलेली वर्षेसुद्धा तुलनेत उतरतात. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये ५०० प्रौढांपासून सुरुवात केली, दर ७ वर्षांनी जुन्यांना पुन्हा तपासले आणि नवे गटही घेतले. छेदात्मक आकड्यांत बौद्धिक घसरण लवकर सुरू झालेली दिसत होती. त्याच माणसांचा पाठपुरावा केल्यावर अनेक क्षमतांमध्ये ती बरीच उशिरा दिसली. म्हणून शिक्षणाची वर्षे, माध्यम आणि गाव-शहर यांची नोंद पहिल्याच प्रपत्रात घ्या. ज्येष्ठांच्या बाबतीत जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास नको: शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही तारीख आपल्याकडे घरोघरी सापडते.

मग अनुदैर्घ्य (लाँजिट्यूडिनल) अभ्यास, म्हणजे त्याच मुलांची काही वर्षे पुन्हा पुन्हा तपासणी, केला की सुटलो, ही दुसरी चूक. तिथे पिढी एकच राहते, पण वयाबरोबर काळ बदलतो. २०१९ मध्ये १० वर्षांच्या मुलांचा मोबाइल-वापर मोजून २०२१ मध्ये पुन्हा मोजला, तर वाढ वयाची की टाळेबंदीतल्या ऑनलाइन शाळेची? एकाच गटावरून सांगता येणार नाही. २०२१ मध्ये १० वर्षांची असलेली वेगळी मुले तपासली, की काळाचा वाटा किती असावा याचा अंदाज येतो.

गळतीचा हिशेब तर बहुतेक जण चुकवतात. चार फेऱ्या, प्रत्येक दोन फेऱ्यांमध्ये १० टक्के गळती आणि शेवटी १२० मुले हवीत, असे धरा. '३० टक्के जास्त' म्हणून १५६ घेतली तर शेवटी ११३-११४ उरतात. ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९, १२० ला याने भागा, सुरुवातीला १६५ लागतात. संख्या भरली तरी काम संपत नाही. सोडून गेलेल्यांचे आणि टिकलेल्यांचे पहिल्या फेरीतले गुण शेजारी मांडा. कमी गुणांची मुलेच गळाली असतील, तर सरासरी कोणाचीही प्रगती न होता वर चढते. पालकांचा एकच मोबाइल क्रमांक घेऊन थांबू नका. नातेवाइकाचा आणि शेजाऱ्याचा क्रमांकही परवानगीने घ्या.

सरावाचा परिणाम, म्हणजे तीच चाचणी पुन्हा दिल्यामुळे वाढलेले गुण, पकडायला प्रत्येक फेरीत त्याच वयाचा, चाचणी कधीच न दिलेला छोटा गट जोडा. जुन्यांची सरासरी ५२ आणि नव्यांची ४७ आली, तर ते ५ गुण सरावाचे किंवा गळतीचे असण्याची शक्यता आधी तपासा.

दोन वर्षांतच लांबचा पल्ला गाठायचा असेल तर अनुक्रमिक आराखडा घ्या: ८, १० आणि १२ वर्षांचे तीन गट, दरवर्षी एक याप्रमाणे तीन फेऱ्या. ८ ते १४ असा पट्टा मिळतो. इथे नेमके काय बिघडते? १० आणि १२ या सामाईक वयांवर गटांच्या सरासऱ्या जुळतात का हे न बघताच वक्र जोडला जातो. जुळत नसतील तर तुकडे वेगळेच दाखवा. मुलांच्या वाढीचा आणि गरिबीचा दीर्घ अभ्यास करणाऱ्या 'यंग लाइव्हज' प्रकल्पाने २००२ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सुमारे १ वर्षाची आणि सुमारे ८ वर्षांची मुले निवडली. २००९ च्या फेरीत धाकटा गट आठ वर्षांचा झाला आणि एकाच वयाची, सात वर्षांच्या अंतराने जन्मलेली मुले समोरासमोर ठेवता आली.

चाचणीचेही पाहा. ६ वर्षांच्यांना जड जाणारी चाचणी १४ वर्षांच्यांना पोरखेळ वाटते. एखाद्या गटात १५ टक्क्यांहून जास्त मुलांना पैकीच्या पैकी गुण पडले, तर त्या वयासाठी चाचणी बदला, कारण तिथे दिसणारे 'विकास थांबला' हे चित्र बहुधा चाचणीच्या कमाल गुणांचे असते.