स्कडच्या रात्रींच्या बालपणीच्या आठवणी कशा लिहून घ्याव्यात

जानेवारी 1991 मध्ये आखाती युद्धात इराकने इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रे डागली, तेव्हा जी शाळकरी मुले घरातल्या बंदिस्त खोलीत बसली होती, ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि ज्यांच्याकडून त्यांच्या आठवणींची खातरजमा करता येईल ते आईवडील म्हातारे झाले आहेत. म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. इस्रायलमधील दिमोना, लोद, अश्दोद या शहरांतील बेने इस्रायल (महाराष्ट्रातून तेथे गेलेले मराठीभाषक ज्यू) कुटुंबांत मोठी माणसे मराठीतून आठवणी सांगत असतील, तर त्या मराठीतच लिहून घ्याव्यात.

'किती भीती वाटली?' या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण त्याला ठरावीक उत्तर मिळते. त्याऐवजी सांगणाऱ्याला खोलीचा नकाशा काढायला सांगावा. रासायनिक हल्ल्याची धास्ती होती आणि विषारी वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, म्हणून त्या युद्धात तळघरापेक्षा घरातली बंद केलेली खोली बरी मानली गेली. खिडकीवरचे प्लास्टिक, त्याच्या कडेने लावलेली चिकटपट्टी, दाराच्या फटीत कोंबलेले ओले फडके, हे नकाशात आले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात: फडके कोण कोंबत असे, भोंगा वाजल्यावर सर्वांत शेवटी कोण आत येई, तान्ह्या बाळाला कुठे ठेवले होते? गॅस मास्कबद्दल तर सावकाश विचारावे. रबराचा वास, श्वासाने धूसर झालेली काच, पट्ट्यात अडकून ओढले जाणारे केस हे सारे मुलांच्या लक्षात राहते आणि मोठी माणसे विसरतात.

तारखा मुलांना आठवत नाहीत, त्या आपण जुळवाव्यात. पहिला हल्ला 18 जानेवारीच्या पहाटे झाला आणि 28 फेब्रुवारीला युद्ध थांबले, त्याच दिवशी पुरीम हा सोंगे घेऊन साजरा होणारा ज्यू सण होता. त्यामुळे 'आम्ही सोंगे घेऊन बाहेर पडलो' असे कोणी म्हटले, तर तो दिवस कोणता हे बहुधा कळते.

सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे तेव्हाचे ज्ञान आणि नंतरचे ज्ञान वेगळे ठेवणे. रासायनिक अस्त्रे आलीच नाहीत हे आज ठाऊक आहे. त्या रात्री ते कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा हे वाक्य त्या रात्रीच्या वर्णनात घुसडू नये, समासात लिहावे. भावंडांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवाव्यात, कारण एकाच खोलीत मोठी बहीण आणि धाकटा भाऊ दोन वेगळ्या रात्री जगलेले असतात.

स्मृती जागवण्यासाठी भोंग्याचे ध्वनिमुद्रण मात्र कधीही ऐकवू नये. तेथे भोंगे नंतरही वाजत राहिले आहेत, आणि सांगणाऱ्याचा आवाज अडखळू लागला तर वही मिटून त्या दिवसापुरते थांबावे. मजकूर पूर्ण झाल्यावर तो त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी जे गाळायला सांगितले ते कारण न विचारता गाळावे.