भिंत रंगवण्याआधी कागद घरी पाठवा

सव्वीस जानेवारीला शाळेच्या भिंतीवर मुलांकडून देशातल्या लोककला काढून घ्यायच्या असतील, तर ब्रश, डबे, जुने पेपर, जुने शर्ट हे सगळं तुम्हाला माहीत आहे. सर्वांत आधी लागतो तो एक कागद. त्यावर चार प्रश्न असतात: तुमच्या घरी भिंतीवर किंवा जमिनीवर काय काढतात? कधी? कोण काढतं? कुठे काढलेलं चालत नाही? हा कागद डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरी जायला हवा. मुलाला वर्गात विचारून भागत नाही, घरीच विचारायला हवं.

गेल्या वर्षी मी हे केलं नाही. पालघरकडची आमची शाळा. निम्मी मुलं वारली, बाकीची तारापूरच्या कारखान्यांमागे आलेल्या घरांतली. मी राज्यवार तक्ता छापला, एकेक चौकोन वाटून दिला आणि जागा उरली म्हणून चपलांच्या फळीच्या वर वारली चौक काढून घेतला. झेंडावंदनानंतर सहावीतल्या एका मुलीची आजी तिथे बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, हा लग्नाचा चौक. यात देवी बसते. तिच्या पायाशी चपला ठेवल्या तुम्ही." पालघट देवीचा तो चौक लग्नघरात सवाशिणी काढतात. नातीला हे माहीत होतं, पण तिला कोणी विचारलंच नव्हतं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली हे मी वर्गात शिकवत होते आणि चौक काढणारं घर माझ्याच वर्गात बसलं होतं. म्हणून पुन्हा सांगते, आधी घरी विचारा.

या वर्षी कागद वेळेवर गेला आणि उत्तरं वाचून मी तक्ता फाडला. वारली घरात तांदळाचं पीठ पाण्यात कालवून गेरूच्या भिंतीवर काढतात. बिहारकडच्या मिथिलेच्या घरात अरिपन काढतात, तेही वाटलेल्या तांदळाचंच. त्याला ते पिठार म्हणतात. ओडिशाच्या घरात मार्गशीर्षातल्या गुरुवारी झोटी काढतात आणि त्या पिठाला पिठाऊ म्हणतात. आपल्याकडेही ते गुरुवार लक्ष्मीचेच! तमिळ घरात कोरडं पीठ चिमटीतून सोडत कोलम काढतात. चार घरं, चार भाषा, आणि हातात तांदूळच. चौकोनी तक्त्यात हे कधीच दिसलं नसतं.

भिंत ओल न येणारी निवडा. पोपडे नीट खरवडा, नाहीतर पहिल्या पावसात चित्रासकट निघतील. पुट्टी, मग प्रायमर, आणि दोन्ही पूर्ण वाळू द्या. मुलं घाई करतील, तुम्ही करू नका. पिठाचं काम पावसात टिकत नाही, म्हणून भिंतीला बाहेरच्या भिंतींसाठीचा पांढरा इमल्शन घ्या आणि खरं पीठ व्हरांड्याच्या फरशीवर ठेवा. तांदूळ चोवीसच्या रात्री भिजवा, पंचवीसला वाटा. मुंग्या येतील, येऊ द्या, कोलमचं पीठ त्यांच्यासाठीही असतं असं तमिळ घरात सांगतात.

आया-आज्यांना बोलवा. त्या कारखान्यात किंवा रोजावर जातात, तेव्हा रविवार धरा, चहाची सोय करा. हात त्यांचा आधी चालू दे, मुलं बघून शिकतील. तुम्ही मध्ये रेघ सुधारायला जाऊ नका.

कच्चं रेखाटन खडूने. ते रंगवण्याआधी त्या त्या घरच्या बाईला दाखवा, कारण कागदावरचं "चालतं" आणि भिंतीवरचं "चालतं" यात फरक पडतो. म्हणजे घरी दोनदा विचारायचं. हो, दोनदा.

बाकी नेहमीचंच. शिडी मोठ्यांनीच चढायची. खालच्या कोपऱ्यात मुलांची आणि शिकवणाऱ्या बायांची नावं, त्यांनी होकार दिला तरच. चपलांची फळी दुसऱ्या भिंतीला हलवा. फोटो, ब्रश धुणं, झालं. कागद अजून पाठवला नसेल तर उद्याच्या परिपाठाला वाटा.