दिवाळीची भेट तिखट द्या: मसाला, भडंग, गूळ आणि पाडव्याची मिसळ

दिवाळीत मिठाईचा डबा घेऊन गेलं की घरची बाई हसून घेते आणि फ्रिजमध्ये आधीच्या चार डब्यांवर ठेवून देते. त्या आठवड्यात लाडू-करंज्या कुणाकडेच कमी नसतात. तिसऱ्या दिवशी जीभ शोधते ती तिखट. कोल्हापुरातून भेट द्यायची तर तिखटच द्यावी, आणि पाहुण्यांना बोलवायचं तर फराळाच्या ताटावर नको, मिसळीवर बोलवावं.

वर्षाचा कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात होतो. दिवाळीपर्यंत त्याचा वास थोडा उतरलेला असतो, त्यामुळे भेटीसाठी छोटा घाणा ताजा करावा. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी केला तर मुरायलाही वेळ मिळतो. २०० ग्रॅमच्या सहा बरण्या सहज भरतील असं प्रमाण असं: देठ काढलेली ब्याडगी मिरची २५० ग्रॅम, संकेश्वरी मिरची २५० ग्रॅम, सुकं खोबरं २०० ग्रॅम, कांदे अर्धा किलो, सोललेला लसूण १५० ग्रॅम, धणे १०० ग्रॅम, पांढरे तीळ ७५ ग्रॅम, जिरे, खसखस आणि हळकुंड प्रत्येकी २५ ग्रॅम, मिरी आणि खडा हिंग १०-१० ग्रॅम, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, दगडफूल प्रत्येकी ५ ग्रॅम, खडे मीठ १२५ ग्रॅम, आणि भाजण्या-तळण्यात मुरेल ते दीड वाटी तेल. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी जाळासाठी. पुण्या-मुंबईकडे पाठवायचं असेल तर संकेश्वरी दीडशेवर आणा आणि ब्याडगी तेवढी वाढवा. नुसत्या ब्याडगीचा मात्र करू नका, दिसायला लालभडक आणि चवीला नुसताच होतो.

मिरची घेताना मूठभर घेऊन दाबायची. कुरकुरली तर वाळलेली, चामड्यासारखी वाकली तर ओल आहे. ओलसर मिरची दळताना गोळा होते आणि बरणीत बुरशी धरते. घरी आणल्यावर दोन दिवस कडक ऊन द्यावंच. परतीचा पाऊस ठाण मांडून बसला असेल तर लोखंडी कढईत मंद आचेवर थोडी थोडी गरम करावी, रंग न बदलता. खोबऱ्याच्या वाटीचा तुकडा दुकानातच चावून बघा. जुनं खोबरं आधी नुसतं फिकं लागतं, आणि महिनाभराने त्याचाच खवट वास सगळ्या मसाल्याला लागतो.

कांदा पातळ उभा चिरून दोन दिवस उन्हात वाळवा आणि मगच तळा. ओला कांदा तळला तर तेल पितो, बाहेरून लाल होतो आणि आत मऊ राहतो. पुढच्या सगळ्या बिघाडाचं मूळ हेच. रंग गडद बदामी झाला की लगेच झाऱ्याने काढा, कारण बाहेर काढल्यावरही तो एक छटा चढतो. काळसर झालेला कांदा मसाला कडू करतो आणि त्यावर उपाय नाही, तेवढा फेकून द्यायचा. लसूण पुष्कळ घरांत कच्चाच कुटून घालतात. घरच्या बरणीला ते चालतं. भेटीची बरणी कुणाच्या ओट्यावर किती दिवस राहील सांगता येत नाही, म्हणून पातळ काप करून तेलात कुरकुरीत तळलेलाच घाला. हळकुंड फोडून तेलात फुलवा, हिंगही तसाच. बाकीचा गरम मसाला एकेक जिन्नस वेगळा, थेंबभर तेलावर भाजायचा. तीळ आणि खसखस मात्र कोरडे. सगळं एकत्र टाकलं तर खसखस जळते आणि दालचिनी कच्ची राहते.

कुटायला डंक, म्हणजे मसाला कांडणारं यंत्र, मिळाला तर उत्तम. मसाला तापत नाही आणि तेल सुटून वास खुलतो. मिक्सरवर करायचं तर वीस-वीस सेकंद फिरवा आणि मध्ये भांडं निवू द्या. आधी मीठ घालून गरम मसाला, मग मिरची, आणि तेलकट कांदा-खोबरं-लसूण शेवटी. उलटं केलं की पात्यांना चिखल लागतो. सगळं परातीत हाताने कालवून रात्रभर पातळ कापडाखाली पसरून ठेवा. कोमट मसाला बरणीत भरला की झाकणाला आतून दव धरतं, आणि मसाला नासतो तो तिथूनच. काचेची रुंद तोंडाची बरणी, चमच्याने दाबून भरलेली, वर हिंगाचा एक छोटा खडा. चिठ्ठीवर करण्याची तारीख आणि एक ओळ लिहा: ‘चार जणांच्या आमटीला एक चमचा, ओला चमचा घालू नये.’ ही ओळ फार महत्त्वाची. बाहेरगावचा माणूस हा मसाला लाल तिखटासारखा ढीगभर घालतो आणि मग कोल्हापूरला नावं ठेवतो.

भडंग चार दिवस आधी करायचा, त्याआधी नको. भडंगाचे चुरमुरे भेळेच्या चुरमुऱ्यापेक्षा जाड आणि टपोरे असतात. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात ‘भडंगाचे’ म्हणूनच मागा. अर्धा किलो चुरमुऱ्याला शेंगदाणे २०० ग्रॅम, डाळं ५० ग्रॅम, लसूण ७५ ग्रॅम सालीसकट ठेचलेला, दोन मुठी कढीपत्ता, तेल २०० मिली, लाल तिखट चार मोठे चमचे, हळद एक छोटा चमचा, जिरे दोन छोटे चमचे, मीठ आणि तीन-चार मोठे चमचे पिठीसाखर.

चुरमुरे आधी ऊन देऊन किंवा कोरडे भाजून बोटांत चुरडतील इतके कडक करा. मग तेलात शेंगदाणे तळून काढा. त्याच तेलात जिरे, कढीपत्ता आणि लसूण घालून आच बारीक ठेवा. लसणाची चुरचुर थांबेपर्यंत हलायचं नाही. तो आवाज म्हणजे आतलं पाणी. आवाज असताना उतरवलं तर तेच पाणी दोन दिवसांत सगळे चुरमुरे मऊ करतं. लसूण कुरकुरीत झाला की गॅस बंद, आणि मनात पन्नास मोजून मग हळद-तिखट. तापल्या तेलात तिखट पडलं तर काळं पडतं आणि घरभर ठसका उठतो. ही फोडणी, शेंगदाणे आणि डाळं मोठ्या पातेल्यात चुरमुऱ्यांवर घालून दोन्ही हातांनी खालीवर करा. मीठ आताच. साखर मात्र पूर्ण गार झाल्यावर, नाहीतर विरघळून चिकटते.

भडंगाचं सगळं यश पाकिटात. प्लास्टिकच्या पिशव्या पाऊण भरा. पिशवीचं तोंड जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या कडेवरून दुमडून दोन मिलिमीटर बाहेर ठेवा आणि ती कड मेणबत्तीच्या ज्योतीजवळून झरकन एकदाच फिरवा. रेंगाळलात तर भोक पडतं. पिशवी कानाशी धरून हलकी दाबा, हवा सुसली तर पुन्हा. यातून साधारण किलोभर, म्हणजे २०० ग्रॅमची पाच पाकिटं होतात. एसटीने किंवा कुरिअरने पाठवायचं असेल तर बरणी खाली, पाकिटं वर. हे उलटं झालं की पोचतो तो भडंगाचा चुरा.

गोड काही हवंच असेल तर गूळ. शाहूपुरीची गुळाची पेठ शाहू महाराजांच्या काळातली, आणि दिवाळीच्या सुमारास नव्या हंगामाची गुऱ्हाळं पेटू लागतात. किलोची ढेप बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात द्या. उघडा गूळ हवेतलं पाणी ओढून पाझरतो. फार पिवळाधमक दिसणारा गूळ टाळा, तो रंग बहुधा रसायनाने आणलेला असतो. तपकिरी, किंचित काळपट ढेप दिसायला साधी, पण चहात तीच खरी. सोबत जागा असेल तर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची किलोची पिशवी. हे सगळं ठेवायला बुरूड गल्लीतून बांबूची परडी आणा, चकचकीत कागदाची टोपली नको. परडी पुढे कांदे-बटाट्याला वापरात राहते.

आता पाडव्याची मिसळ, बारा जणांसाठी. सुकी मटकी ६०० ग्रॅम, दोन दिवस आधी सकाळी भिजत घाला आणि रात्री फडक्यात बांधा. दुसऱ्या संध्याकाळी बोटाच्या नखाएवढे मोड आले की फ्रिजमध्ये. जास्त ठेवली तर मोड लांबतात आणि उसळ गवतासारखी लागते. मटकी हळद-मीठ घालून दाणा अखंड राहील अशीच शिजवा आणि तिचं पाणी कटासाठी, म्हणजे मिसळीच्या तिखट रश्श्यासाठी, ठेवा.

कटाला चार मोठे कांदे आणि १०० ग्रॅम खोबरं भाजून, दोन चमचे तीळ, आलं-लसूण घालून बारीक वाटा. २०० मिली तेलात हे वाटण बाजूने तेल सुटेपर्यंत परता. घाई केली तर कट कच्चट लागतो. आता सहा मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घालून लगेच साडेतीन लिटर उकळतं पाणी, त्यात मटकीचंही पाणी आलं. गार पाणी ओतलं की उकळी बसते आणि तर्री, म्हणजे वरचं लाल तेल, वर यायला रखडते. एक उकळी आली की आच मंद. खळखळ उकळत ठेवला तर तेल रश्श्यात मिसळून जातं आणि वर लाल थर राहत नाही. लहानांसाठी आणि पोट जपणाऱ्यांसाठी मसाला घालण्याआधीच वाटणाचा चौथा हिस्सा वेगळ्या पातेल्यात काढा आणि पाणीही त्या हिशेबाने वाटून घ्या. नंतर पाणी घालून तिखट कमी होत नाही, फक्त पांचट होतं.

फरसाण माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे ९०० ग्रॅम. इथे मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेडच. माणशी चार स्लाइस धरून मोठे तीन ब्रेड आणा आणि पुडे पंगत बसल्यावरच फोडा. ताटलीत मटकी, त्यावर फरसाण, मग कांदा-कोथिंबीर, आणि कट माणूस बसल्यावरच. आधी भरून ठेवलेली मिसळ म्हणजे लगदा. कटाचं पातेलं मंद आचेवर ठेवून एकाने फक्त वाढायचं काम घ्यावं, कारण ‘कट आणा’ ही हाक थांबत नाही. बरोबर ताक: दीड लिटर दह्याला तीन लिटर पाणी, मीठ, जिरेपूड.

शेवटी गुळाचा चहा, आणि इथेच बहुतेकांचा चहा फाटतो. गूळ थोडा आंबट असतो, दुधाबरोबर उकळला की दूध नासतं. बारा कपांना दीड लिटर पाण्यात चहापत्ती, ठेचलेलं आलं आणि दीडशे ग्रॅम चिरलेला गूळ उकळून गॅस बंद करा. दूध अर्धा लिटर, वेगळं तापवलेलं, गाळताना ओता. नंतर पुन्हा आचेवर ठेवू नका. उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी कोरा चहा थर्मासमध्ये, दूध वेगळं.